वैद्यकाचे शिक्षण तालुक्यापर्यंत गेले पाहिजे

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी महाराष्ट्रातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच समारंभात दूरदृश्य पद्धतीने उद्घाटन केले, त्यांच्या यादीत जालन्याचे नाव होते. आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा काढून, परभणीचा परतूर तालुका जोडून सिद्ध केलेल्या या जिल्ह्याला, बदनापूर तालुक्यातील वरुडीचे खासगी महाविद्यालय आधीपासून असले तरी, सरकारी वैद्यकीय शिक्षणाचे हक्काचे ठिकाण प्रथमच लाभले. शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशाला मंजुरी मिळाली, जिल्हा रुग्णालय अध्यापनाच्या कामी आले, आणि ज्या मुलखातले लोक दुखणे हाताबाहेर गेले की पिढ्यान्‌पिढ्या साठेक किलोमीटरवरच्या औरंगाबादच्या 'घाटी'ची, म्हणजे तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, वाट धरीत आले, त्यांना ही वार्ता सुखावणारी वाटली यात नवल नाही. मलाही ती सुखावून गेली. तथापि या जिल्ह्यात आयुष्यभर वैद्यकव्यवसाय केलेला एक मनुष्य या नात्याने मला निकडीने सांगावेसे वाटते ते असे की, महाविद्यालय आपल्या जिल्ह्यात आले म्हणजे डॉक्टर आपल्या जिल्ह्याला मिळाले असे होत नाही. विद्यार्थी कोणत्या रुग्णाच्या खाटेशी, कोणत्या गावात आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकतो, यावर तो पुढे कोणाचा डॉक्टर होणार हे ठरते, आणि या गोष्टीचा विचार महाविद्यालयाच्या आरंभीच्या वर्षांत झाला नाही तर तो पुढे सहसा होत नाही.

नव्या महाविद्यालयाची जी मोजदाद होते ती खाटांची, खोल्यांची आणि अध्यापकांच्या हजेरीची होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या मानकांप्रमाणे शंभर विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ४२० खाटांचे रुग्णालय असावे लागते. शवविच्छेदनगृह, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचीही मापे ठरलेली आहेत. ही मापे असलीच पाहिजेत, कारण ती नसतील तर काय होते हे या राज्याने पाहिलेले आहे. परंतु मंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री अकरा वाजता आलेला रुग्ण कोणी पाहावा आणि तो पाहताना कोणी शिकावे, यासंबंधी त्या मापांत फार थोडे सापडते.

आपल्या भागातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ मात्र नेमका याच चिंतेतून झाला होता. जालना त्या काळी निजामाच्या अंमलाखाली होते आणि येथे फौजेची छावणी होती. हैदराबादेत १८४६ साली जे वैद्यकीय विद्यालय निघाले, त्याचे शिक्षण प्रारंभी उर्दूतून दिले जाई, आणि रियासतीला आपल्याच मुलखातले शिकलेले वैद्यक मिळावेत हा त्यामागचा हेतू होता. १८८० नंतरच्या दशकात एडवर्ड लॉरी या शल्यवैद्याच्या कारकिर्दीत ते शिक्षण इंग्रजीकडे वळले. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची छाननी करणारे जे दोन आयोग १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत बसले व ज्यांची चर्चा विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकांत झाली, त्यांच्यामागेही हेच लॉरी होते. इकडे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग उघडले गेले आणि १८७८ साली पुण्यात बी. जे. मेडिकल स्कूल सुरू झाले. या शाळांतून बाहेर पडलेले लोक मोठ्या शहरात पेढी मांडून बसण्यासाठी घडवलेले नव्हते. त्यांना पदवी नव्हती, परवाना होता. त्यांचे शिक्षण तोकडे होते हे खरे, पण ते कसब्यात राहत, तेथेच म्हातारे होत आणि तीन पिढ्यांच्या नाड्या त्यांना ठाऊक असत.

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी तीस हजारांच्या आसपास हे परवानाधारक वर्गातले होते. समितीने शिफारस केली की हा दुय्यम अभ्यासक्रम बंद करावा आणि देशात एकाच दर्जाचा, उत्तम शिकलेला, समाजाभिमुख असा 'मूलभूत डॉक्टर' निर्माण करावा. समितीतील काही सदस्यांनी याला विरोध नोंदवला, कारण खेड्यांना डॉक्टर मिळणार तरी कोठून, ही शंका त्यांना छळत होती. तत्त्व म्हणून समितीचे बहुमत योग्य होते असे मी मानतो. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला अधिक शिकलेला, ही व्यवस्था स्वतंत्र देशाला शोभणारी नव्हती. परंतु समितीने त्या तत्त्वाबरोबर जी अट घातली होती, म्हणजे हा नवा डॉक्टर आरोग्यकेंद्रांच्या परिसरात, रोगप्रतिबंध आणि लोकांचे जीवन जवळून पाहत शिकलेला असावा, ती अट आपण मागे टाकली आणि जुना डॉक्टर तेवढा रद्द केला. गेल्या पाऊणशे वर्षांतील खेड्यांच्या वैद्यकीय दुरवस्थेचे एक मोठे मूळ मला येथे दिसते. १९७५ साली श्रीवास्तव समितीने हीच गोष्ट पुन्हा सांगितली. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आसपासच्या तीन विकासखंडांतील प्राथमिक आरोग्यसेवेची जबाबदारी घ्यावी अशी योजना आखली गेली. मराठवाड्यात अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याच दशकात निघाले. हेतूंचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता.

ज्यांना खेड्यातला वैद्यक म्हणजे सर्दीपडशाच्या गोळ्या देणारा मनुष्य असे वाटते, त्यांच्यासाठी एक प्रसंग जरा जवळून पाहू. कपाशीच्या फवारणीचे दिवस आहेत. एखाद्या तालुक्याच्या रुग्णालयात संध्याकाळी जीप थांबते आणि "औषध पिलं हो डॉक्टरसायब" असे म्हणत चार माणसे एका तरुणाला उचलून आत आणतात. त्याच्या तोंडातून लाळ आणि फेस येत आहे, अंग घामाने निथळत आहे, कपड्यांना कीटकनाशकाचा उग्र वास आहे, बुबुळांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत आणि छातीवर नळी ठेवताच दोन्ही फुप्फुसांत पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. हे ऑर्गॅनोफॉस्फेटचे विष. त्यावरचा उतारा, अॅट्रोपिन, स्वस्त आहे आणि बहुतेक ठिकाणी उपलब्ध असतो. एका लहानशा कुपीत ०.६ मिलिग्रॅम औषध असते. आरंभालाच अशा तीन ते पाच कुप्या द्याव्या लागतात, पाच मिनिटांनी छाती पुन्हा ऐकावी लागते, खळखळाट कमी झाला नसेल तर मात्रा दुप्पट करावी लागते, आणि फुप्फुसे कोरडी होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा लागतो. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचे नसते. छाती सांगेल तेव्हा थांबायचे असते. पुढे मात्रा जास्त झाली तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते, पोटाचा आवाज बंद होतो. तेही ओळखावे लागते. आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकून चहा प्यायला गेलेले असताना, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, त्या तरुणाला उशीवरून मान उचलून दाखवायला सांगावे लागते, कारण मान उचलता येईनाशी झाली तर त्याचा श्वासही थोड्या वेळात बंद पडण्याचा संभव असतो आणि त्याला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर घ्यावे लागते.

या सगळ्या उपचाराला प्रारंभीच्या घटकांत कोणतेही महाग यंत्र लागत नाही. लागतो तो रात्रभर खाटेशी बसणारा, कान आणि डोळे शिकवलेला एक तरुण डॉक्टर. असा रुग्ण तालुक्यात पहिल्या तासात सावरला नाही आणि नुसती चिठ्ठी देऊन गाडीत घातला गेला, तर वाटेतच त्याचे प्राण जाण्याचा धोका असतो. आता विचारावे असे की, हे काम विद्यार्थ्याने कोठे शिकावे? महानगरातील मोठ्या रुग्णालयात हा रुग्ण पोहोचतो तो अर्धा उपचार होऊन, अतिदक्षता विभागात, यंत्राला जोडलेला. तेथे विद्यार्थी यंत्र पाहतो; पहिला तास त्याच्या दृष्टीस पडतच नाही. जालना जिल्हा हा पहिल्या तासाचा जिल्हा आहे. जाफराबाद, भोकरदनच्या शेतांतले सर्पदंश, पोलादाच्या कारखान्यांतून भाजून आलेले किंवा डोळ्यांत लोखंडाचा कण गेलेले कामगार, घनसावंगी आणि अंबडकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची अशक्त, रक्तक्षीण बाळंतपणे, ही या जिल्ह्याची खरी पाठ्यपुस्तके आहेत आणि ती दुसऱ्या कोठल्या ग्रंथालयात मिळणार नाहीत.

घाटीत शिकत असताना आमचे एक अध्यापक सकाळी वॉर्डात आले की पहिल्यांदा विद्यार्थ्याचा हात आपल्या हातात घेत, रुग्णाच्या पाठीवर त्याचे बोट ठेवून त्यावर आपल्या बोटाने वाजवीत आणि आवाज कोठे पोकळ आहे, कोठे भरीव झाला आहे, हे त्याच्याकडून वदवून घेत. क्ष-किरणाची फिल्म ते त्यानंतर मागवीत. छातीवर बोटाने वाजवून आतले पाणी ओळखण्याची ही रीत ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगरने १७६१ साली प्रसिद्ध केली आणि १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने छाती ऐकण्याची नळी शोधली. अडीचशे वर्षांपूर्वीची ही विद्या म्हणून तिला आज कोणी मोडीत काढू म्हणेल. मी यंत्रांचा विरोधक नाही. सोनोग्राफीने बाळंतिणींचे जीव वाचवले आहेत, आणि भ्रमणध्वनीवरून हृदयाचा आलेख शहरातल्या तज्ज्ञाला दाखवता येतो ही गोष्ट खेड्यातल्या रुग्णाला तर वरदान आहे. पण कोणती तपासणी कधी मागवायची आणि कोणती मागवायचीच नाही, हे हाताने तपासल्यावाचून कळत नाही, आणि ज्याच्या खिशात जीपचे भाडे देऊन पन्नास रुपये उरतात अशा रुग्णाच्या बाबतीत हे न कळणे फार निष्ठुर ठरते.

वैद्यकाचा व्यवहार बदलला त्याला एकटे डॉक्टर जबाबदार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता यांच्या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला हे न्याय्यच झाले. परंतु त्याबरोबर लहान गावातल्या डॉक्टराच्या मनात असे भय घर करून बसले की अवघड रुग्ण आपल्या दारात न थांबवता पुढे रवाना करणे हेच शहाणपण. सरकारने गरिबांसाठी विमा योजना काढली, जिचा २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने प्रारंभ झाला आणि जी आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते. तिने हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या उपचारांतून असंख्य कुटुंबांना कर्जापासून वाचवले, याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. पण त्या योजनेतून पैसा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याला आणि शस्त्रक्रियेला मिळतो. मधुमेही शेतकऱ्याला समोर बसवून अर्धा तास त्याचे खाणेपिणे, पायांची जखम आणि गोळ्यांचा खर्च यांविषयी बोलणाऱ्या डॉक्टराला ती काही देत नाही. ज्या कामाला मोबदला नाही आणि ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते काम हुशार विद्यार्थी शिकणार नाहीत, आणि त्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल.

त्या विद्यार्थ्यांच्या वाटेकडे सहानुभूतीने पाहिले तर सारे स्पष्ट दिसते. अकरावीपासून लातूरच्या किंवा दुसऱ्या कोठल्या शिकवणीत दिवसाचे बारा तास घालवून, 'नीट'च्या एकेका गुणासाठी झुंजून तो मुलगा किंवा ती मुलगी येथे पोहोचते. साडेचार वर्षांनी एक वर्षाची आंतरवासिता येते. तिच्यात सामुदायिक वैद्यकासाठी बारा आठवडे राखलेले असतात, आणि नेमक्या त्याच वर्षी पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा डोक्यावर येऊन बसलेली असते. प्राथमिक आरोग्यकेंद्रात रुजू झालेली ही मुले दुपारनंतर बहुपर्यायी प्रश्नांची पुस्तके उघडतात, कारण त्यांच्या भवितव्याचा निर्णय त्या पुस्तकांवर होणार असतो. त्यानंतर सरकारी महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्याला एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. सक्तीने आलेला डॉक्टर गावात शरीराने राहतो. त्याला तेथे शिकवणारा कोणी नसतो, शंका विचारावी असा वडीलधारा नसतो, निवासस्थानाला पाणी नसते. वर्ष संपले की तो निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. ज्या गावाला दरवर्षी नवा डॉक्टर मिळतो त्या गावातल्या म्हातारीचा रक्तदाब नीट राखायचा तरी कोणी?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जालन्याच्या महाविद्यालयाने आपल्या शिक्षणाचा एक मोठा हिस्सा शहरातल्या इमारतीतून उचलून आठही तालुक्यांत नेऊन ठेवावा, आणि तो शेवटच्या वर्षातली सक्तीची फेरी म्हणून नव्हे तर पहिल्या वर्षापासून. आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात याला आधार आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने काही ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणकाळात त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवावा असा कार्यक्रम अलीकडे लागू झाला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे असाही नियम आहे. ही कुटुंबे शहरालगतच्या सोयीच्या वस्तीतली न निवडता परतूर-मंठ्याच्या गावांतली निवडली, आणि पहिल्या वर्षी दत्तक घेतलेल्या घरातल्या गरोदर सुनेचे बाळंतपण विद्यार्थ्याने पुढे त्याच तालुक्याच्या रुग्णालयात अध्यापकाच्या देखरेखीखाली पाहिले, तिचे मूल कुपोषणातून सावरताना पाहिले, तिच्या सासऱ्याचा क्षय सहा महिने औषध खाऊन बरा झालेला पाहिला, तर वैद्यक म्हणजे काय याची त्याची कल्पनाच निराळी होईल. त्यासाठी तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात महाविद्यालयाचा निदान एक वरिष्ठ अध्यापक कायमचा नेमावा, त्याच्या बढतीत या कामाचे वजन शोधनिबंधाइतकेच धरावे, आणि कसब्यांतून अनेक वर्षे प्रामाणिकपणे व्यवसाय केलेल्या सामान्य वैद्यकांना मानद शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. त्यांच्याजवळ जे निदानकौशल्य आहे ते ग्रंथबद्ध झालेले नाही, आणि त्यांच्याबरोबर ते नाहीसे होत आहे.

रुग्णाची हकीकत त्याच्या बोलीत ऐकून घेणे हाही या शिक्षणाचा भाग आहे. अखिल भारतीय कोट्यातून इतर प्रांतांतली मुलेही येतील. त्यांना "अंगात कणकण", "पोटात आग पडते", "जिवाला बरं वाटंना" या बोलण्यामागचे दुखणे कळावे म्हणून पहिल्या वर्षीच मराठीचा गंभीर पाठ असावा. घसा बसेपर्यंत प्रश्न विचारून जे निघत नाही ते दोन मिनिटे गप्प बसून ऐकल्याने निघते, हे मात्र कोणत्याही भाषेतल्या विद्यार्थ्याला शिकवावेच लागेल.

यावर आक्षेप घेतला जाईल की राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांना मुख्य ठिकाणीच अध्यापक पुरत नाहीत, तेथे तालुक्याला ते कोठून आणायचे. आक्षेप खरा आहे. तपासणीच्या सुमारास एका महाविद्यालयातून दुसऱ्यात तात्पुरत्या बदल्या होतात हे कोणापासून लपलेले नाही, आणि एकाच वर्षी दहा महाविद्यालये उघडली की ही ओढाताण वाढणारच. पण अध्यापकांची वाण पडली आहे म्हणून असलेले सगळे शहरात साठवावेत हा निष्कर्ष मला मान्य नाही. शिक्षण जेथे होते तेथे काही विद्यार्थी मागे राहतात, आणि उद्याचे अध्यापक त्यांच्यातून मिळतात. सेवाग्रामला सुशीला नायर यांनी १९६९ साली महाविद्यालय काढले ते खेड्यात, आणि विद्यार्थ्यांनी गावात जाऊन राहण्याचा शिरस्ता घालून दिला. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून अल्पशिक्षित बायांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली, ती पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात उतरली. हे सर्व महाराष्ट्रात घडले आहे. खुद्द जालन्यात गणपती नेत्रालयाने दाखवून दिले आहे की नेत्रशल्यकर्म शिकण्यासाठी बाहेरच्या डॉक्टरांनी या शहराकडे यावे. मिशन हॉस्पिटलने तर या भागातल्या कित्येक पिढ्यांची शुश्रूषा केली. शिकण्यासारखे जालन्यात काही नाही, असे मानण्याचे कारण कधीच नव्हते.

दुसरा आक्षेप दर्जाचा. तालुक्यात शिकलेला विद्यार्थी शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा उणा पडेल, ही भीती पालकांना वाटेल आणि पालकांची भीती मी हलकी लेखत नाही. किंबहुना माझी मागणी दर्जाचीच आहे. तालुक्याच्या रुग्णालयात प्रयोगशाळा चालू नसेल, रक्त साठवण्याची सोय नसेल, भूलतज्ज्ञ नसेल, तर तेथे विद्यार्थी पाठवणे म्हणजे त्याला आणि रुग्णाला दोघांनाही फसवणे होय. महाविद्यालयाचा खर्च तालुक्याकडे वळला तरच या सोयी तेथे येतील, आणि त्या आल्या की विद्यार्थ्यांआधी त्यांचा लाभ रुग्णांना होईल. आज जो पैसा एका आवारात ओतला जाणार आहे त्याचा काही अंश आठ ठिकाणी पोहोचावा, एवढेच मी मागतो आहे.

२०२४ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास आंतरवासितेत येईल. त्याच्या आत मंठा, घनसावंगी, जाफराबाद, परतूर, भोकरदन, अंबड येथील सरकारी रुग्णालयांच्या आवारात मुला-मुलींना राहण्याजोगी, दारे-कड्या शाबूत असलेली, पाणी आणि वीज असलेली निवासस्थाने बांधावी लागतील, प्रत्येक ठिकाणी एक अध्यापक नेमावा लागेल आणि त्या अध्यापकाच्या मुलांच्या शाळेचाही विचार करावा लागेल. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या आराखड्यात ही तजवीज झाली पाहिजे, आणि या जिल्ह्याच्या आमदार-खासदारांनी महाविद्यालयाच्या नव्या इमारतीइतक्याच आग्रहाने तिचा तगादा मंत्रालयात लावला पाहिजे.